निकालावर मोबदला : एका परीक्षापद्धतीचा इतिहास

शाळेच्या इमारतीचा, वर्गांचा आणि पटावरील संख्येचा हिशेब मांडणें सोपें असतें. त्या इमारतींत मुलें खरोखर काय शिकलीं याचा हिशेब मांडणें मात्र फार अवघड. ज्युबिलीच्या वर्षीं हा प्रश्न कोणत्याहि धर्मग्रामापुढें सहजच उभा राहतो. त्याचें सोपें उत्तर मिळविण्याचा एक मोठा प्रयोग इंग्लंडांत इ. स. १८६२ पासून सुमारें पस्तीस वर्षें चालला. त्याचा वृत्तांत पालकांस व शिक्षकांस उद्बोधक होईल अशा विश्वासानें येथें थोडक्यांत देत आहें.

इंग्लंडच्या पार्लमेंटानें प्राथमिक शाळांकरितां पहिलें अनुदान इ. स. १८३३ मध्यें मंजूर केलें. ती रक्कम अवघी २०,००० पौंड होती. पुढील तीस वर्षांत ती आठ लक्ष पौंडांवर गेली. एवढा पैसा कोठें मुरतो याची चौकशी करण्यासाठीं इ. स. १८५८ मध्यें ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमण्यांत आलें. त्याचा अहवाल इ. स. १८६१ मध्यें बाहेर पडला. शिक्षक वरच्या वर्गांतील थोड्या हुशार मुलांकडे लक्ष पुरवितात, आणि खालच्या वर्गांतील पुष्कळ मुलें नीट वाचतां-लिहितां येण्यापूर्वींच शाळा सोडून जातात, असें कमिशनास आढळून आलें. ही तक्रार खरी होती, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कारण वाईट उपायाचा उगम पुष्कळदां खऱ्या दुखण्यांतच असतो.

त्या वेळीं शिक्षणखात्याचा कारभार रॉबर्ट लो यांच्या हातीं होता. त्यांनीं इ. स. १८६२ मध्यें नवी नियमावली अमलांत आणली. शिक्षण स्वस्त होणार नसेल तर तें कार्यक्षम तरी होईल, आणि कार्यक्षम होणार नसेल तर स्वस्त तरी होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. मुलांच्या सरासरी हजेरीमागें डोईस चार शिलिंग, आणि ज्या मुलाची हजेरी दोनशें वेळांहून अधिक भरली असेल त्यामागें आणखी आठ शिलिंग, असा दर ठरला. परंतु हे आठ शिलिंग परीक्षेवर अवलंबून होते. वाचन, लेखन व गणित या तीन विषयांपैकीं ज्यांत मूल नापास होई त्याबद्दल दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. सहा वर्षांखालील बालकांस तेवढी या परीक्षेंतून सूट होती.

परीक्षेसाठीं सहा इयत्ता ठरविल्या. पहिलींत एकावयवी शब्दांची सोपी गोष्ट वाचावी, सांगितलेलीं अक्षरें पाटीवर काढावींत आणि वीसपर्यंत आंकडे लिहावेत. सहावींत वर्तमानपत्रांतील लहानसा उतारा वाचावा व तसाच दुसरा उतारा ऐकून लिहावा. साऱ्या देशास एकच माप, आणि त्या मापावर पैशाचा तराजू! पूर्वीं सनदी शिक्षकांस सरकारांतून थेट वेतनपूर्ति मिळत असे, ती बंद झाली. आतां सर्व रक्कम व्यवस्थापकांच्या हातीं येई, व पुष्कळ ठिकाणीं शिक्षकाचा पगार मुलांच्या निकालावर ठरूं लागला.

याचा परिणाम काय झाला? खालच्या वर्गांतील मुलांकडे शिक्षकांचें लक्ष वळलें, हा गुण प्रांजळपणें मान्य केला पाहिजे. सरकारचा खर्चहि कमी झाला, इ. स. १८६५ पर्यंत अनुदान साडेसहा लक्ष पौंडांच्या आंत आलें. परंतु इतिहास, भूगोल यांसारखे विषय मागें पडले, कारण त्यांस मोल उरलें नाहीं. ही चूक थोडीशी सुधारण्यासाठीं इ. स. १८६७ मध्यें जादा विषयांकरितां वेगळें अनुदान ठेवावें लागलें.

प्रसिद्ध कवि मॅथ्यू आर्नल्ड हे इ. स. १८५१ पासून १८८६ पर्यंत सरकारी शाळातपासनीस होते. ही पद्धति यांत्रिक आहे, असें त्यांनीं आपल्या अहवालांतून वारंवार बजावलें. वर्षाच्या आरंभीं एक पुस्तक निवडावें, मुलांकडून तेंच पुन्हां पुन्हां घोकून घ्यावें, तपासनीस आले कीं त्यांतील दोन ओळी मुलानें घडाघड म्हणाव्यात. दुसरें पुस्तक हातीं दिलें तर मात्र तेंच मूल अडखळतें, हा प्रकार त्यांच्या दृष्टीस पडला. मूल परीक्षेंत पास झालें, पण त्यास वाचतां येईना!

आमच्या कॅथोलिक बांधवांवर या नियमांचा भार विशेष पडला. इ. स. १८४७ मध्यें तेथील बिशपांनीं कॅथोलिक पुअर स्कूल कमिटी स्थापिली, आणि त्याच सुमारास कॅथोलिक शाळांस सरकारी अनुदानाचें दार उघडलें. तोंच आयर्लंडांतील भयंकर दुष्काळामुळें हजारों दरिद्री कुटुंबें लिव्हरपूल आदिकरून शहरांत येऊन पडलीं. त्यांचीं मुलें पोटासाठीं काम करीत आणि सवड मिळेल तशीं शाळेंत येत. ज्याची हजेरी दोनशें भरली नाहीं, त्याच्या परीक्षेचा मोबदलाच नाहीं. म्हणजे ज्या शाळेंत गरीब मुलें अधिक, तिलाच मदत कमी! शाळेचा व्यवस्थापक बहुधा तेथील धर्मगुरूच असे. त्यास हा तोटा वर्गणीवर भरून काढावा लागे. तरीहि त्या लोकांनीं शाळा सोडल्या नाहींत. लिव्हरपूल येथें नोत्र दाम संघाच्या भगिनींनीं इ. स. १८५६ मध्यें काढलेल्या अध्यापिका विद्यालयांतून तयार झालेल्या शिक्षिकांनीं या गरीब शाळांस मोठा आधार दिला.

ही पद्धति आमच्या देशांतहि आली. मुंबई इलाख्यांत खाजगी शाळांस मदत देतांना परीक्षेचा निकाल हें एक प्रमुख माप ठरलें, आणि इ. स. १८८२ च्या हंटर कमिशननेंहि प्राथमिक शाळांपुरता तिचा पुरस्कार केला. पुढें इ. स. १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावांत हिंदुस्थान सरकारनें तिच्याविरुद्ध अभिप्राय दिला. इंग्लंडांत तर इ. स. १८९० च्या नियमावलीनें तिचा पाया काढून घेतला होता व शतक संपण्यापूर्वीं ती नामशेष झाली होती. एडमंड होम्स यांनीं तपासनीस या नात्यानें कित्येक वर्षें तिची अंमलबजावणी केली होती. पुढें ते प्राथमिक शाळांचे मुख्य तपासनीस झाले. त्यांनींच निवृत्तीनंतर इ. स. १९११ मध्यें ग्रंथ लिहून तिच्यावर कडक टीका केली.

परंतु मोह मेला नाहीं. अमेरिकेंत इ. स. २००२ मध्यें झालेल्या कायद्यानें तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षीं वाचन व गणितांत परीक्षा सक्तीची केली, व निकाल खालावलेल्या शाळांवर कारवाईचें भय ठेवलें. अटलांटा शहरांत शिक्षकांनींच मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुका दुरुस्त केल्याचें उघडकीस आलें; इ. स. २०११ च्या चौकशींत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांवर ठपका आला.

मग परीक्षाच नको काय? तसें नव्हे. इ. स. २००५ पासून आपल्या देशांत ‘असर’ या नांवाची पाहणी होत आली आहे. तिचे स्वयंसेवक खेड्यांत घरोघर जाऊन एकेका मुलास दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास देतात. इ. स. २०१८ मध्यें पांचवींतील सुमारें निम्म्या मुलांसच तो वाचतां आला, इ. स. २०२२ मध्यें शेंकडा ४३ च्या आसपास. हे आंकडे कटु आहेत, पण त्यांवर कोणाचा पगार वा अनुदान टांगलेलें नसतें, म्हणून ते लपविण्याचें कारणहि कोणास पडत नाहीं. वैद्यानें नाडी पाहावी ती औषध देण्यासाठीं. नाडीच्या ठोक्यांवर रोग्याचा शिधा ठरवूं लागलें तर रोगीहि नाडी लपवील.

धर्मग्रामाच्या शाळेचा निकाल लागतो तेव्हां आपण शेंकडेवारी विचारतों. अवश्य विचारावी. परंतु तिच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: पुस्तकाबाहेरचा उतारा आमच्या मुलास वाचतां येतो काय? आणि जें मूल मागें राहिलें, ज्याची हजेरी भरली नाहीं, त्याच्या घरीं कोणी गेलें काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर शिक्षकांनीं द्यावयाचें आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र आपणां सर्वांकडून येणें आहे.