प्राणवायूच्या दाहाला आवर घालणारी विकरे

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की पांढरा फेस उसळतो, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. हा फेस औषधाच्या अंगचा नव्हे. रक्तातील व पेशींतील कॅटालेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, पेरॉक्साइडचे विघटन करून पाणी व प्राणवायू मोकळा करते. त्या प्राणवायूचे ते बुडबुडे असतात. जपानमधील कान-नाक-घसातज्ज्ञ शिगेओ ताकाहारा यांनी १९४६ मध्ये एका मुलीच्या तोंडातील सडलेल्या जखमेची शस्त्रक्रिया केल्यानंतर तेथे पेरॉक्साइड लावले, तेव्हा फेस आलाच नाही. उलट रक्त काळपट तपकिरी झाले. तिच्या रक्तात कॅटालेज जवळजवळ नव्हतेच. तोंडातील जंतू निर्माण करीत असलेल्या पेरॉक्साइडला अटकाव न झाल्याने हिरड्यांचा नाश होत होता.

हा विकार असलेल्या अनेक व्यक्ती मात्र एरवी निरोगी आयुष्य जगतात. कारण पेशीने संरक्षणाची जबाबदारी एकाच विकरावर सोपविलेली नाही. श्वसनात प्राणवायूचा बराचसा भाग पाण्यात रूपांतरित होतो. पण काही रेणू वाटेतच एखादा जादा इलेक्ट्रॉन उचलतात व त्यांपासून सुपरऑक्साइड हा मुक्त मूलक बनतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर त्याचे पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते आणि पुढचे काम कॅटालेज व विविध पेरॉक्सिडेज पार पाडतात. यातील पहिले विकर तसे योगायोगानेच ओळखले गेले. गुरांच्या रक्तातील तांबेयुक्त निळसर प्रथिन १९३८ पासून ठाऊक होते, परंतु ते कशासाठी असते हे कळत नव्हते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या जो मॅककॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्याचे खरे कार्य दाखवून दिले.

वनस्पतींपुढील पेच अधिक बिकट आहे, कारण प्राणवायू त्यांच्या हरितलवकातच तयार होतो. पाण्याचा ताण पडला की पाने पर्णरंध्रे मिटून घेतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडची आवक घटते, पण ऊन कमी होत नाही. शोषलेल्या प्रकाशातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना कर्ब-स्थिरीकरणाची वाट पुरेशी मोकळी न राहिल्याने ते प्राणवायूवर जाऊन पडतात. अशा वेळी हरितलवकातील ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज हे विकर 'क' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने पेरॉक्साइड नष्ट करते. दुष्काळ, क्षार, थंडी अशा भिन्न ताणांत याच विकरांची क्रिया बदलते, म्हणून कृषी संशोधनात ती वारंवार मोजली जाते. तथापि विकर वाढलेले दिसले म्हणजे वाण सहनशील, हे समीकरण घाईचे ठरेल. इजा अधिक झाल्यानेही ते वाढलेले असू शकते.

भाताच्या बाबतीत घात वेगळ्या वेळी होतो. पुराखाली गेलेले रोप अंधारात व अपुऱ्या प्राणवायूत कसेबसे तग धरते आणि पाणी ओसरून हवा व ऊन लागताच कोमेजते. एकाएकी मिळालेला प्राणवायूच त्याला पोळतो. ओडिशातील एका पारंपरिक भातवाणातून आलेले 'सब१ए' हे जनुक २००६ मध्ये निश्चित झाले. ते असलेली रोपे सुमारे दोन आठवडे बुडूनही जगतात, म्हणून 'स्वर्णा-सब१' हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. पाणी ओसरल्यानंतरच्या दाहालाही हे जनुक आवर घालते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

मानवी हृदयातही असेच घडते. अडलेली रोहिणी उघडून रक्त पुन्हा वाहू लागले की स्नायूला जीवदान मिळते, पण काही इजा त्याच क्षणी होते. मग बाहेरूनच विकर टोचले तर? हा प्रयोगही झाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोहिणी उघडताना सुपरऑक्साइड डिस्म्युटेज दिलेल्या रुग्णांच्या हृदयाचे कार्य इतरांपेक्षा अधिक सुधारले नाही, असा निष्कर्ष १९९४ मध्ये जाहीर झाला.

घरोघरी ठाऊक असायला हवी अशी बाब मात्र निराळीच आहे. तांबड्या पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी 'जी-सिक्स-पीडी' हे विकर लागते. त्या पेशीला दुसरा मार्गच नसतो. याची आनुवंशिक कमतरता प्रामुख्याने मुलग्यांत आढळते. भारतात पारशी व काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण अधिक आहे. एरवी लक्षण काहीच नसते, पण हिवतापावरील प्रायमाक्वीन घेतल्यावर तांबड्या पेशी फुटू लागतात, म्हणून हे औषध देण्यापूर्वी रक्ततपासणी करणे इष्ट असते. नॅप्थॅलिनच्या डांबरगोळ्या घालून ठेवलेली दुपटी व टोपडी पेटीतून काढून तशीच बाळाला घातली, तर त्या वाफेनेही हाच प्रकार घडतो. अशा बाळाची कावीळ वेगाने वाढून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बारशाची तयारी करताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

'अँटिऑक्सिडंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची कथा फारशी उत्साहवर्धक नाही. विकर गिळले तर इतर प्रथिनांप्रमाणे त्याचेही बव्हंशी पचनच होते. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. हा निष्कर्षही १९९४ चाच. जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना 'क' व 'ई' जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा देण्यात आल्या. व्यायामाने इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो व शरीराची स्वतःची संरक्षक विकरे वाढतात. हे दोन्ही लाभ गोळ्या न घेणाऱ्यांत दिसले. घेणाऱ्यांत दिसले नाहीत.