वीजदर ठरविण्याचा अधिकार

1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, हे रायपूरच्या जुन्या मराठी कुटुंबांना निराळे सांगावयास नको. पुढे विजेच्या फायली जबलपूरच्या वीज मंडळाकडे जात, आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाल्यावर त्या रायपूरला आल्या. मंत्रालय आज नव्या रायपुरात आहे. वीजदर मात्र तेथे ठरत नाही.

1948 च्या कायद्याने राज्योराज्यी वीज मंडळे उभी केली. वीज विकणारे मंडळच दरही ठरवी, आणि वर शासनाचा हात असे. मालमत्तेवर किमान 3 टक्के शिल्लक राहावी अशी तरतूद पुढे झाली; निवडणुकीच्या वर्षी ती कितपत आठवत असेल, हे वाचकांनीच ताडावे. तोटा साचत गेला. ओडिशाने 1996 मध्ये स्वतंत्र आयोग नेमला, 1998 मध्ये केंद्राचा कायदा आला, महाराष्ट्रात 1999 मध्ये आयोग स्थापन झाला. छत्तीसगडचा आयोग 2004 पासूनचा. मंडळाच्या पाच कंपन्या झाल्या त्या 2009 मध्ये.

2003 च्या विद्युत अधिनियमानुसार कंपनीला आपला हिशेब आयोगापुढे मांडावा लागतो. तो प्रसिद्ध होतो, आणि कोणीही ग्राहक त्यावर हरकत घेऊ शकतो. अर्ज दाखल झाल्यापासून 120 दिवसांत आयोगाने निर्णय द्यावयाचा असतो. तो मान्य नसल्यास दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. सदस्यांची निवड करणारी समिती उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली असते. सदस्यांत निवृत्त सनदी अधिकारी पुष्कळदा दिसतात. आमच्या सेवेला खुर्ची सोडवत नाही, हा आक्षेप मला अगदीच अनाठायी वाटत नाही.

परंतु खरे मर्म कलम 65 मध्ये आहे. शासनाला एखाद्या वर्गास स्वस्त वीज द्यावयाची असेल, तर तिची भरपाई त्याने आगाऊ रोख द्यावी. न दिल्यास सवलतीचा निर्देश लागू होत नाही व आयोगाचाच दर चालू राहतो. छत्तीसगडमध्ये शेतकऱ्यांच्या पंपांना ठरावीक युनिटपर्यंत विनामूल्य वीज मिळते. ती मिळावी, याविषयी माझे दुमत नाही. मात्र पंपाच्या युनिटचा दर आयोगाच्या आदेशात लिहिलेलाच असतो, आणि तेवढी रक्कम अर्थसंकल्पात अनुदान म्हणून दाखवून विधानसभेकडून मंजूर करून घ्यावी लागते.