संगीत बारीचे ध्वनिमुद्रण

पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटसच्या अलीकडे चौफुला लागतो. शिरूर-न्हावऱ्याकडून सुपे-मोरगावकडे जाणारा रस्ता इथे सोलापूर रस्त्याला छेदतो आणि या चौकाच्या आसपासची कला केंद्रे संगीत बारी या लावणीच्या प्रकारासाठी राज्यभर माहीत आहेत. सोलापूर जिल्ह्यातले मोडनिंब आणि अहिल्यानगर जिल्ह्यातले जामखेड ही याच परंपरेची दुसरी ठाणी. एका केंद्रात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येक पार्टीची मालकीण वेगळी, गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया वेगळ्या, पेटीवाला, तबलजी आणि ढोलकीवालाही वेगळे. कोणत्याही कंपनीच्या पगारावर नसलेला, आपल्या गाण्याचा आणि जमाखर्चाचा धनी आपणच असलेला हा ताफा. आज ज्यांना स्वतंत्र बँड म्हणतात त्यांची बहुतेक लक्षणे त्यात फार पूर्वीपासून आहेत. तरी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात त्याची नोंद थोडी सापडते. बारीची चाल, ठेका आणि ठसका इतरांनी उचलून तबकडीवर आणि पडद्यावर नेला. ज्या पार्ट्यांचे ते गाणे, त्या स्वतः मात्र माइकसमोर क्वचित बसल्या.

याचे एक कारण गाण्याच्या घडणीत आहे. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग अशी रांग असते. संगीत बारीत वग नसतो. गाणे, नाच आणि अदाकारी हाच सारा ऐवज. रंगमंचावर पार्ट्या पाळीपाळीने आपली गाणी सादर करतात आणि त्यापलीकडे मोजक्या रसिकांपुढे खासगी बैठक बसते. बैठकीच्या लावणीत गाणारी एकाच ओळीवर थांबते, तिचा अर्थ कधी डोळ्यांतून तर कधी नुसत्या बोटांतून वेगवेगळा दाखवते, समोरच्याची दाद घेते आणि मगच पुढच्या ओळीला हात घालते. किती वेळ थांबायचे ते बैठकीच्या रंगावर ठरते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला मात्र सुरुवातीपासून घड्याळ लावलेले होते.

भारतातल्या कलावंतांचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रे घेऊन आला होता आणि गौहर जान गायली. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला पाठवून तिथे छापल्या जात. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाल्यावर हे काम देशात होऊ लागले. माइक तेव्हा नव्हताच. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या जोरावर सुई मेणावर रेघ ओढणार. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे बसत. कर्ण्याला मधल्या पट्टीतला आवाज कळे. खर्जातला घुमारा आणि वरचा झणका गळून जाई. लावणीच्या जिवाभावाच्या दोन गोष्टी, ढोलकीच्या डाव्या पानाचा घुमार आणि घुंगरांची छुमछुम, नेमक्या या दोन टोकांना आहेत. लावणी तबकडीवर आली ती अशी दोन्हीकडून कातरून, आणि मुख्यतः शहरातल्या नामवंत गायिकांच्या गळ्यातून. पुण्याच्या बाई सुंदराबाई जाधव यांचे नाव त्यात ठळक आहे. ठुमरी-गझलेइतकीच लावणीही त्या तयारीने गात. ‘एकच प्याला’ नाटकाच्या पदांना चाली त्यांनी दिल्या आणि प्रभातच्या ‘माणूस’ या १९३९ च्या चित्रपटात आईची भूमिकाही केली.

१९२५ नंतर विजेचे ध्वनिमुद्रण आले, कर्णा गेला आणि माइक आला. गाणारीला ओरडण्याची गरज उरली नाही, साथीचे वादक कर्ण्याभोवती दाटीवाटीने उभे करण्याचीही नाही. तंत्र सुधारले, पण बारीपुढचे दार तेवढे उघडले नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली, पण अटी घालून. सभ्यतेची कसोटी लावलेल्या त्या काळात आकाशवाणीवर लावणी पोचली ती निवडून, पाखडून. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि दोनच वर्षांनी ‘गीतरामायणा’ने ते घराघरांत गेले. पाटसच्या पारावर रेडिओ वाजू लागला तरी जवळच चौफुल्याला रात्री होणारे गाणे त्यातून सहसा ऐकू येत नव्हते.

लावणीला लाखो श्रोते दिले ते मराठी चित्रपटाने. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. संगीत वसंत पवारांचे होते. १९७२ च्या ‘पिंजरा’ला राम कदमांनी संगीत दिले. सुलोचना चव्हाण लावणीसम्राज्ञी ठरल्या त्या याच पार्श्वगायनाच्या वाटेने. त्यांचा आवाज आणि उच्चार दोन्ही थोर होते, यात वाद नाही. पण चित्रपटाची लावणी ही स्टुडिओत जन्मलेली वस्तू आहे. तिची लांबी पटकथेने ठरवलेली, मधले संगीत लिहून काढलेले, आणि गाणारी एक तर नाचणारी दुसरी. बारीत या दोघी एकच असतात किंवा हाताच्या अंतरावर बसलेल्या असतात, आणि एकीच्या भुवईच्या हालचालीवर दुसरी सूर धरते. वाईच्या यमुनाबाई वाईकरांसारख्या बैठकीच्या गायिकेला संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, तेव्हा या मूळ गायकीकडे शहरातल्या जाणकारांचे लक्ष नव्याने वळले.

पार्टी खरोखर स्टुडिओत आली की रेकॉर्डिस्टची कसोटी ढोलकीपासून लागते. ढोलकीचा टोला अतिशय आखूड आणि तीक्ष्ण असतो. फितीच्या काळात पातळी दाखवणारा व्हीयू मीटरचा काटा जात्याच मंद होता. टोला येऊन गेला तरी काटा अर्ध्यावरच डुलत राही आणि फीत मात्र तोवर भरून फाटका आवाज देऊ लागलेली असे. म्हणून जाणता रेकॉर्डिस्ट काट्यावर न विसंबता ढोलकीची पातळी बरीच खाली ठेवी. पुढे संगणक आला, तेव्हा ही खबरदारी अधिकच लागली, कारण फीत भरली तर आवाज थोडा गोल होतो, पण डिजिटल मुद्रणात मर्यादा ओलांडली की सरळ तडतडतो. दोन पानांना दोन माइक लावणे ही रूढ पद्धत, पण दोन्ही फार जवळ आणले तर एका वाद्याची दोन वाद्ये होतात. एक माइक हातभर दूर ठेवला की ढोलकी पुन्हा एकसंध वाजते.

दुसरी अडचण हवेची. ढोलकी गाणारीच्या षड्जाला मिळवलेली असते. स्टुडिओतल्या वातानुकूलित कोरड्या हवेत पान चढते, पावसाळ्यातल्या दमट हवेत उतरते. दोन टेकच्या मध्ये ढोलकीवाला पान पुन्हा मिळवत बसतो; पेटीचा सूर मात्र जिथल्या तिथे. ही पाच मिनिटे न दिल्यास पहिला आणि शेवटचा अंतरा दोन पट्ट्यांत गेलेला सापडतो, आणि ती चूक नंतर झाकता येत नाही.

गाणारीचे तंत्रही मोकळ्या थिएटरचे असते. ढोलकीवरून आवाज मागच्या रांगेपर्यंत फेकायची सवय; तोच आवाज जवळच्या माइकवर कर्कश लागतो. माइक मागे घेतला की त्यात ढोलकी शिरते. शिवाय अदाकारी करताना मान वळते, आवाज माइकवरून निसटतो. तिला काचेच्या खोलीत एकटी उभी करून कानांवर हेडफोन चढवले तर सूर साफ मिळतो आणि जान जाते, कारण समोर ढोलकीवाल्याचा चेहरा नसतो. लय हा आणखी एक कळीचा भाग आहे. बारीचे गाणे शेवटाकडे चढत जाते; ठरावीक गतीचा क्लिक लावून ते बांधले तर ठेका बरोबर येतो आणि गाणे चुकते. म्हणून पार्टीला एकत्र बसवून, एका दमात, थोडी सरमिसळ पत्करून मुद्रण करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. घुंगरांचे मात्र बहुधा वेगळेच करावे लागते: चाळ हातात धरून ठेक्यावर वाजवला जातो, त्यामुळे पायाच्या वजनाचा जो धमक्याचा भाग, तो त्यात येत नाही.

पार्ट्यांना मुद्रणाची पहिली खरी संधी कॅसेटने दिली. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ही छोटी फीत भारतात पसरली ती पुढच्या दोन दशकांत. गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स कंपनी १९८३ ची. तबकडी छापायला कारखाना लागे. कॅसेटच्या प्रती काढायला एक खोली पुरे. ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्हीची सद्दी ढिली पडली आणि छोट्या कंपन्यांनी प्रादेशिक गाणे उचलले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांचे आवाज एसटी स्टँडवर, रसवंतीवर, ट्रकच्या केबिनमध्ये पोचले. पाटस परिसराला हा काळ चांगला आठवतो. तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसला येते आणि रोटी घाट चढून उंडवडीकडे निघते. त्या वाटेवर अभंगांच्या कॅसेटचे ढीग लागत, आणि महामार्गावरच्या टपरीवर त्याच फळीवर लावणीच्याही कॅसेट असत. मुद्रण घाईचे असे. एका दिवसात दोन्ही बाजू भरायच्या, टेक बिघडला तरी पुढे जायचे. ढोलकीच्या जागी ऑक्टोपॅड आणि पेटीच्या जागी कीबोर्ड येऊ लागला तो याच घाईतून. यंत्राला मिळवत बसावे लागत नाही.

त्याच सुमारास बाजाराबाहेरही मुद्रण चालू होते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत-संग्रहालय १९८२ मध्ये पुण्यात स्थापन झाले आणि नंतर दिल्लीकडे गेले. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह उभा केला, आणि बर्नार्ड बेल यांच्या साथीने १९९० च्या दशकात गावोगावी जाऊन त्या ध्वनिमुद्रित केल्या. तिथे जात्याची घरघर गाळली नाही, कारण ओवीची लय तिच्यातच आहे. संगीत बारीला असा धीराचा संग्राहक उशिरा मिळाला. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ मध्ये आले आणि सावित्री मेधातुल यांच्या दिग्दर्शनाखाली बैठकीची लावणी शहरी रंगमंचावर गेली. त्यातून पार्ट्यांमधल्या कलावंतांची नावे आणि त्यांच्या गायकीतले भेद प्रथमच मोठ्या वाचकवर्गापुढे आले.

आता पुण्यात स्वतंत्र बँडची मुद्रणे छोट्या स्टुडिओत, कधी राहत्या घरातही होतात. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवाने या बँडना श्रोते दिले. संगणकाने मुद्रणाचा खर्च खाली आणला. तीच साधने चौफुल्याच्या पार्टीलाही परवडू शकतात, आणि बारीचे गाणे तिच्याच जागी, रात्रीच्या कार्यक्रमात, आठ-दहा माइक लावून मुद्रित करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड उरलेले नाही. वेळेची तीन मिनिटांची मर्यादाही कधीच गेली.

हक्कांची बाजू मात्र याहून मागे राहिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने दिला, आणि व्यापारी वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला वाटा २०१२ च्या दुरुस्तीने. तोवर रूढ व्यवहार एकरकमी होता: पार्टीच्या हातावर पैसे ठेवायचे, सही किंवा अंगठा घ्यायचा, पुढे किती प्रती विकल्या जातात याच्याशी कलावंताचा संबंध नाही. आजचा वाटा मागायला मुद्रणाच्या दिवशी कोणी काय गायले आणि वाजवले याची लेखी नोंद हवी. अनेक जुन्या कॅसेटच्या वेष्टनांवर कंपनीचे नाव, पत्ता आणि किंमत आहे, गायिकेचे छायाचित्र आहे. ढोलकीवाल्याचे नाव नाही.