स्वयंविघटनशील बहुवारिके : एक टाका सुटताच उसवणारी साखळी

लहान रेणूंच्या एकसारख्या कड्या एकमेकींना जोडून तयार झालेल्या लांब साखळीला बहुवारिक म्हणतात. पॉलिथिनची पिशवी असो वा नायलॉनचा दोर, ही साखळी जितकी टिकाऊ तितकी चांगली, अशीच दीर्घकाळ समजूत होती. स्वयंविघटनशील बहुवारिकांचा विचार उलट दिशेने सुरू होतो. साखळी हवी तितका काळ अभंग राहावी आणि ठरावीक रासायनिक संकेत मिळताच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप उसवावी, अशी तिची रचना केलेली असते. तिच्या इंग्रजी नावात आत्माहुतीचा अर्थ आहे. तो थोडा नाट्यमय असला तरी चुकीचा नाही.

पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या जैवविघटनशील प्लास्टिकमध्ये पाणी प्रत्येक बंध स्वतंत्रपणे तोडते. जितके बंध, तितके घाव. येथे मात्र टोकावरची एक टोपी निघाली की पुढील सर्व कड्या क्रमाने गळतात. स्वेटरचा शेवटचा टाका सुटावा तसे. म्हणून रचनाकाराचे खरे कौशल्य टोपी निवडण्यात असते. सिलिकॉनयुक्त टोपी फ्लोराइडने निघते, बोरॉनयुक्त टोपी हायड्रोजन पेरॉक्साइडने, तर दोन गंधक अणूंमधला बंध ग्लुटाथायोनने तुटतो. पेशीच्या आत ग्लुटाथायोनचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे रक्तात शाबूत राहून पेशीत शिरल्यावरच फुटणारे वाहक कल्पिता येतात.

या कल्पनेचे मूळ औषधशास्त्रात आहे. इलिनॉय विद्यापीठातील जॉन कॅट्झेनेलेनबोगन व सहकाऱ्यांनी 1981 मध्ये औषध आणि त्यावरील कुलूप यांच्यामध्ये बसणारा दुवा सुचवला. कुलूप उघडताच हा दुवा स्वतः विघटित होऊन औषध मोकळे करतो. 2003 मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे हेच तत्त्व झाडासारख्या फांद्या असलेल्या रेणूंना लावले आणि 2008 मध्ये तेल अवीव विद्यापीठातील डोरॉन शबात यांच्या गटाने ते सरळ साखळीत आणले. त्या साखळीतील प्रत्येक कडी सुटताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पुढच्या कडीचे टोक उघडे होते.

रुग्णांपर्यंत मात्र अद्याप पोहोचला आहे तो प्रामुख्याने हा दुवाच. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगावरील ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधाला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. त्यातील प्रतिपिंड कर्कपेशीला चिकटून आत जाते, पेशीतील विकर दुव्याचे कुलूप कापते, दुवा गळून पडतो आणि विषारी औषध तेथे मुक्त होते. ते विष इतके तीव्र असते की वाटेतच कुलूप उघडले, तर त्याची किंमत निरोगी पेशींना मोजावी लागते.

साखळ्यांचा दुसरा एक प्रकार अधिकच विलक्षण आहे. पॉलिफ्थालाल्डिहाइड हे बहुवारिक सुमारे उणे 40 अंश सेल्सिअसच्या वर तत्त्वतः अस्थिरच असते. ते अतिथंड तापमानात घडवून टोकाला टोपी बसवतात. नेहमीच्या तापमानाला त्याला धरून ठेवते ती ही टोपीच. अमेरिकेतील स्कॉट फिलिप्स यांच्या गटाने 2010 मध्ये फ्लोराइड लागताच विरघळणारे असे प्लास्टिक दाखवले. परंतु त्यातून सुटणारे फ्थालाल्डिहाइड हे दुर्बिणीची वैद्यकीय उपकरणे निर्जंतुक करण्याचे, त्वचेला व श्वसनमार्गाला त्रासदायक रसायन आहे. साखळी नाहीशी झाली म्हणजे धोकाही नाहीसा झाला, असे मानता येत नाही.

म्हणूनच कॅनडाच्या वेस्टर्न विद्यापीठातील एलिझाबेथ गिलीज यांच्या गटाने 2014 मध्ये मांडलेली पॉलिग्लायॉक्सिलेटे महत्त्वाची ठरतात. त्यांच्या विघटनातून अखेरीस इथेनॉल आणि ग्लायॉक्सिलिक आम्ल उरते, आणि हे आम्ल सजीवांच्या चयापचयातही आढळते. एक अडचण मात्र राहते. घन प्लास्टिकमध्ये बहुतेक टोके आत गाडलेली असतात आणि संकेत केवळ पृष्ठभागाला भिडतो. त्यामुळे काही रचनांत संकेत ओळखणारे गट टोकाऐवजी साखळीच्या अंगावरच जोडले जातात.