पैसा जातो कसा? वहीची आणि वाटेची गोष्ट

कुंभिवली, खालापूर, कर्जत या पट्ट्यातील दुकानात आज गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देते, तेव्हा दुकानदाराच्या हाती नोट येत नाही. येतो तो निरोप. ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. टपाल खात्याने १८८० साली मनिऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याने भरलेल्या नोटाच काही त्याच्या घरी पोचत नसत. प्रवास करी तो फॉर्म. पैसे गावाकडच्या पोस्टातून मिळत. म्हणजे पैसे पाठवण्यात दोन कामे असतात : वजा-जमेची वही ठेवणे आणि निरोप पोचवणे. टपाल खाते दोन्ही करीत असे.

मोबाइल आल्यावर ही कामे कुणी करायची, हा प्रश्न उभा राहिला. केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने 'एम-पेसा' सुरू केले. तिथे निरोप कंपनीचा आणि ग्राहकांच्या खात्यांची वहीही कंपनीकडेच. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोबाइल बँकिंग बँकांकडेच ठेवले. व्होडाफोनने २०१३ साली एम-पेसा इथे आणले ते एका बँकेला सोबत घेऊन. २०१९ मध्ये ते बंद झाले.

वही बँकेकडे राहिली, पण वाट कंपन्यांचीच होती. साध्या बटणांच्या फोनवर *९९# लावले की 'यूएसएसडी' पद्धतीचे संभाषण सुरू होते. त्याला इंटरनेट लागत नाही. फोन आणि मनोरा यांच्यात संकेतांची जी देवघेव चालते, तिच्याच वाहिनीतून हे छोटे संदेश जातात. एसएमएस साठवून सवडीने पुढे धाडता येतो. इथे दोन्ही टोके संभाषण संपेपर्यंत जोडलेली असतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०१२ मध्ये ही सेवा सुरू केली, तेव्हा तिच्यात बीएसएनएल व एमटीएनएल या सरकारी कंपन्याच होत्या.

या वाटेचा टोल किती असावा? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये एका संभाषणाला कमाल दीड रुपया ठरवला. पाच हजार पाठवणाऱ्याला ही रक्कम किरकोळ; शंभर पाठवणाऱ्या मजुराला ती दीड टक्का पडते. २०१६ मध्ये ही मर्यादा पन्नास पैशांवर आली आणि एप्रिल २०२२ मध्ये शून्यावर. तोवर २०१६ सालीच आलेले यूपीआय आणि स्वस्त झालेले इंटरनेट यांनी स्मार्टफोनवाल्यांना दुसरी वाट दिली होती. साध्या फोनवाल्याला टोलमाफी मिळाली ती सर्वांत शेवटी.

निरोप वाटेत अडकला तर? पाठवणाऱ्याकडे वजा झाले, पण घेणाऱ्याकडे जमा नाही, अशा वेळी यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत न आल्यास बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केला.

हे वर्गात करून पाहता येईल. दोन मुलांना बँका करा, प्रत्येकाला वही द्या, तिसरा चिठ्ठ्या नेईल. मध्येच त्याला थांबवा आणि विचारा : आता कुणाची वही खरी? पैसे कुणाचे? मुले जे नियम सुचवतील ते फळ्यावर लिहा आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाशी ताडून पाहा.