खिशातला संगणक कोणाच्या हाती आला?

१/ महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपण जाणतोच. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव संमत केला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केले. तरीही अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर जावे लागले. पुढे न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला.

२/ त्या अन्यायाशी कोणत्याही यंत्राच्या कथेची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु ‘खुले झाले, पण हाती कोणाच्या आले?’ हा महाडने शिकवलेला प्रश्न तंत्रज्ञानाच्या इतिहासालाही विचारता येतो. आज तो हातात मावणाऱ्या पहिल्या संगणकांना विचारू.

३/ १९८४ : ब्रिटनच्या सायन कंपनीचा ‘ऑर्गनायझर’. पडद्यावर एकच ओळ, तिच्यात १६ अक्षरे. साठवलेली माहिती पुसण्यासाठी स्मृतीची डबी काढून अतिनील प्रकाशाखाली धरावी लागे! पुढे आपल्याकडे या जातीच्या छोट्या यंत्रांना ‘डिजिटल डायरी’ हे नाव रूढ झाले.

४/ जानेवारी १९९२ : ॲपलचे प्रमुख जॉन स्कली यांनी ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’, म्हणजेच पीडीए, ही संज्ञा प्रचारात आणली. ऑगस्ट १९९३ मध्ये ‘न्यूटन मेसेजपॅड’ आला. किंमत सुमारे ७०० डॉलर. माणसाचे हस्ताक्षर वाचण्याचा त्याचा दावा होता. प्रत्यक्षात ते इतके चुकीचे वाचले जाई की वृत्तपत्रांतील व्यंगचित्रांनी त्याची थट्टा केली. १९९८ मध्ये ॲपलने त्याचे उत्पादन थांबवले.

५/ १९९६ : ‘पाम पायलट’. जेफ हॉकिन्स यांनी आधी लाकडाचा ठोकळा खिशात बाळगून यंत्राचा आकार ठरवला होता. हस्ताक्षराचा प्रश्न त्यांनी उलट्या बाजूने सोडवला. यंत्राला आपले अक्षर कळत नसेल, तर आपणच यंत्राचे अक्षर शिकावे! ‘ग्राफिटी’ या लिपीत बहुतेक रोमन अक्षरे एकाच फटक्यात काढायची असत. ‘ए’ची आडवी रेघसुद्धा गाळलेली.

६/ इंग्रजी जाणणाऱ्यास हे थोड्या सरावाने जमे. पण शिरोरेषा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीला त्या लिपीत जागाच नव्हती. दुकानात यंत्र कोणालाही विकत मिळे. मराठीतून लिहिणाऱ्यासाठी मात्र ते मुकेच होते.

७/ हे काम अशक्य होते असे नाही. पुण्यातील सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तिने पुढे नेले आणि टेबलावरच्या संगणकांवर भारतीय लिपी आणल्या. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही सांकेतिक प्रणाली राष्ट्रीय मानक झाली. खिशातल्या यंत्रापर्यंत हे ज्ञान पोहोचायचे राहिले होते.

८/ २००१ : बंगळुरूचा ‘सिम्प्युटर’. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील अभियंते यांनी निरक्षर माणूस डोळ्यांसमोर ठेवून तो घडवला. चित्रांना स्पर्श करावा, मजकूर हिंदी-कन्नडसारख्या भाषांत ऐकावा, ही त्यामागची कल्पना. गावात यंत्र एकच असले तरी प्रत्येकाची माहिती ज्याच्या त्याच्या स्मार्ट कार्डावर राहावी, अशी योजना होती. उद्दिष्ट किंमत सुमारे ९,००० रुपये.

९/ २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आला. तो कलवून पडद्यावरचे पान उलटता येई. आयफोनच्या तीन वर्षे आधी! तरी विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. ज्यांच्यासाठी तो घडवला, त्यांच्या मिळकतीच्या मानाने किंमत मोठी होती आणि साधा मोबाईल झपाट्याने स्वस्त होत होता.

१०/ पामने भाषेचा उंबरठा तसाच ठेवला. सिम्प्युटरने तो ओलांडला, पण किमतीशी अडखळला. आज आपण फोनवर सहज मराठी लिहितो. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी मूळच्या ‘इस्की’वरच आधारलेली आहे. म्हणून या इतिहासात गाजलेल्या यंत्रांइतकेच लिपीसाठी राबलेल्यांचेही स्थान आहे.

घरातील जुनी डिजिटल डायरी भंगारात देऊ नका. तिच्यातील नावे कोणत्या लिपीत आहेत, तेवढे एकदा पाहा.