कचऱ्याच्या टेकड्या आणि पर्जन्यजल : एक ऐतिहासिक टिपण

नगरांच्या इतिहासात पाणीपुरवठा व मलनिःसारण यांना जे स्थान लाभले, ते कचऱ्याच्या क्षेपणभूमीस लाभले नाही. शहराबाहेरील सखल वा दलदलीची जागा भरून काढावी, एवढाच तिचा हेतू दीर्घकाळ मानला गेला. मुंबईत ठाणे खाडीच्या काठी देवनारची भरणी झाली ती अशाच जागेवर. परंतु खळगा भरला म्हणून शहराचा कचरा थांबत नाही. भरणीची टेकडी होते, आणि टेकडी झाली की पर्जन्यजलाचा प्रश्न सर्वस्वी पालटतो. खळग्यात पाणी साचते. टेकडीवरून ते धावते, आच्छादनाची माती ओढून नेते, ओघळी पाडते आणि त्याच वाटेने टेकडीच्या पोटात शिरते.

या पाण्याचे मोल मनुष्यहानीने चुकवावे लागले आहे. फिलिपीन्समधील केझॉन सिटी येथील पायातासची टेकडी १० जुलै २००० रोजी, कित्येक दिवसांच्या मुसळधार पावसानंतर कोसळली. पायथ्याच्या वस्तीतील दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इंडोनेशियात बांडुंगनजीक लेउविगजाह येथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी सुमारे २७ लाख घनमीटर कचरा घसरला व दीडशेच्या आसपास बळी गेले. या आपत्तींचे खापर केवळ पावसावर फोडणे युक्त नव्हे. पाण्याने कचऱ्याचे वजन वाढते हे खरे. परंतु त्याहून घातक गोष्ट ही की, आतील पाण्याचा दाब वाढून थराथरांतील घर्षण घटते. लेउविगजाह येथे तर थरांना गुंतवून धरणारे प्लॅस्टिकही धुमसत्या आगीने दुर्बळ केले होते, असे अभ्यासकांचे मत आहे.

उपाय अज्ञात होता असे म्हणता येत नाही. भारतात २००० साली झालेल्या घनकचरा नियमांत पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटर जाडीचे मातीचे आच्छादन दाबून बसवावे व बांध घालून वाहते पाणी चालू भरणीपासून दूर वळवावे, अशी तरतूद होती. अंतिम आच्छादनासाठी ६० सेंटिमीटर चिकणमाती, तीवर १५ सेंटिमीटरचा निचऱ्याचा थर व सर्वांत वर धूप रोखणाऱ्या वनस्पतींसाठी ४५ सेंटिमीटर माती सांगितली होती. आपल्या शेतकऱ्याची ताल पाणी जिरवण्यासाठी असते. येथील बांधाचे कार्य नेमके उलट, म्हणजे पाणी जिरू न देता, पण त्याचा वेगही आवरून, ते खाली उतरवण्याचे आहे.

खरी अडचण विस्ताराची आहे. टेकडी उंचावली की काल खणलेले चर आजच्या कचऱ्याखाली जातात. आतला कचरा कुजून खचला की पन्हळींचा उतार मोडतो व तेथे डबकी होतात. म्हणून निचऱ्याची योजना एकदा आखून संपत नाही. ती प्रत्येक थरासरशी नव्याने करावी लागते.

फिलिपीन्समध्ये कायदा झाला तो २००१ साली, इंडोनेशियात २००८ साली, दोन्ही दुर्घटनांनंतर. भारतात नियम आधी झाले, तरीही १ सप्टेंबर २०१७ रोजी, ऐन पावसाळ्यात, दिल्लीतील गाझीपूरची टेकडी ढासळून दोघांचा अंत झाला. तेव्हा नियमाचा अभाव हे कारण पुरेसे नाही. टेकडी कोठवर वाढू द्यावयाची, हा निर्णय जे नगर टाळत राहते, त्याचे परिणाम पायथ्याशी राहणाऱ्यांना भोगावे लागतात. नगरेतिहासाच्या अभ्यासकाने या टेकड्यांकडे वळावे, ते याच कारणाने.